पूर्व युरोपातील उत्सर्जन कशामुळे घटले, आणि त्यातले सोलापूरला काय लागू पडते

सोलापुरातील अर्थशास्त्राच्या एका संशोधक विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी पूर्व युरोप आणि पूर्वीच्या सोव्हिएत संघातील बारा देशांची 1990 ते 2020 या काळातील आकडेवारी एकत्र केली आहे. त्यात वीजनिर्मिती, दरडोई उत्पन्न आणि कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन हे तीन मुख्य रकाने आहेत. रिग्रेशनमधून, म्हणजे आकड्यांमधील संबंध मोजणाऱ्या सांख्यिकी पद्धतीतून, त्यांना दोन निष्कर्ष मिळाले. वीजनिर्मिती वाढली की उत्सर्जन वाढते, हा पहिला. आणि उत्पन्न एका पातळीपलीकडे गेले की उत्सर्जन घटू लागते, हा दुसरा. हे निष्कर्ष ग्राह्य धरावेत का आणि तेच सूत्र सोलापूर जिल्ह्याला लावता येईल का, असे त्या विचारतात.

मी गेली अठ्ठावीस वर्षे यंत्रमाग कारखाने, टॉवेलची प्रोसेस हाउसेस आणि साखर कारखाने यांचे ऊर्जा लेखापरीक्षण करतो, आणि त्यातली अलीकडची काही वर्षे कार्बनचा हिशेब मांडण्यात गेली आहेत. त्या अनुभवातून सांगतो की तुमचे आकडे बरोबर असतीलही, पण त्यांचा तुम्ही लावलेला अर्थ मला पटत नाही. या देशांमधील उत्सर्जनाची सर्वांत मोठी घट समृद्धीतून आली नाही. ती पडझडीतून आली. पुढे जी खरी सुधारणा झाली ती उत्पन्न वाढले म्हणून आपोआप झाली नाही. मीटर बसले, दर लागले आणि वाया जाणारी उष्णता अडवली गेली म्हणून झाली. वीजनिर्मितीचे इंधन बदलणे ही या सगळ्यातली सर्वांत संथ गोष्ट ठरली. उत्पन्नाबरोबर उत्सर्जन आधी वाढते आणि मग घटते असे दाखवणाऱ्या तुमच्या वक्ररेषेत या तिन्ही गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. त्या वेगळ्या केल्याशिवाय सोलापूरचे नाव त्या रेषेशी जोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पडझडीपासून सुरुवात करतो. 1990 ते 1998 या काळात रशियाचे सकल उत्पादन सुमारे 40 टक्क्यांनी घसरले. युक्रेनची स्थिती त्याहून वाईट होती. 1999 पर्यंत तिथले उत्पादन 1990 च्या निम्म्याहूनही खाली गेले होते. पोलाद, रसायने, अवजड यंत्रे, लष्करी सामग्री यांचे कारखाने ज्या ग्राहकांसाठी चालत होते ते ग्राहकच नाहीसे झाले, आणि त्याबरोबर धूरही कमी झाला. देशांच्या उत्सर्जनावर मर्यादा घालणाऱ्या क्योटो करारात 1990 हे मूळ वर्ष धरले गेल्यामुळे रशिया आणि युक्रेन यांच्या खात्यावर उत्सर्जनहक्कांचा प्रचंड साठा आपोआप जमा झाला. त्यासाठी त्यांनी एकही भट्टी सुधारली नव्हती. करारावर काम करणारे लोक या साठ्याला ‘गरम हवा’ म्हणत. तुमची आकडेवारी नेमकी 1990 पासून सुरू होते, म्हणजे तुमच्या रेषेची सुरुवातीची दहा वर्षे या पडझडीनेच भरलेली आहेत. नंतर उत्पन्न सावरले, पण उत्सर्जन जुन्या पातळीवर परतले नाही. हे दोन कालखंड एकाच समीकरणात घातले की उत्पन्न वाढल्यामुळे उत्सर्जन घटले असा भास निर्माण होतो. तुम्हाला मिळालेल्या वळणबिंदूचा, म्हणजे उत्सर्जन घटू लागते त्या उत्पन्नपातळीचा, मोठा भाग या भासाचा आहे, असे मला वाटते.

यातली एक बाब मला विशेष महत्त्वाची वाटते, कारण ती मी सोलापुरात स्वतः मोजली आहे. पडझडीच्या सुरुवातीच्या वर्षांत रशियातील उत्पादन ज्या वेगाने घसरले त्या वेगाने ऊर्जेचा वापर घसरला नाही. त्यामुळे उत्पन्नाच्या प्रत्येक रुबलमागे लागणारी ऊर्जा त्या काळात उलट वाढली. अर्थशास्त्राच्या पुस्तकी चौकटीत याचे नवल वाटते, पण बॉयलरजवळ उभे राहिलेल्या माणसाला वाटत नाही. काही वर्षांपूर्वी एका टॉवेल प्रोसेस हाउसमध्ये मंदीमुळे आठपैकी तीनच डाइंग मशीन चालू होत्या. मालकांची अपेक्षा अशी होती की जळाऊ लाकूड आणि कोळशाचा खर्चही निम्म्याहून कमी व्हावा. प्रत्यक्षात इंधन जेमतेम एक-तृतीयांशाने घटले होते. बॉयलर तोच होता, पाइपलाइन तेवढीच लांब होती, तिच्यावरचे आवरण जागोजागी फाटलेले होते, पाणी बाहेर सोडून वाफ अडवणारे ट्रॅप गळत होते आणि कंडेन्सेट, म्हणजे वाफेचे झालेले गरम पाणी, परत न येता गटारात जात होते. काम निम्म्यावर आले तरी हा स्थिर तोटा कमी होत नाही. सोव्हिएत पद्धतीच्या अर्ध्या रिकाम्या कारखान्यांत आणि शहरभर पसरलेल्या उष्ण पाण्याच्या जाळ्यांत हेच फार मोठ्या प्रमाणावर घडत होते. म्हणून ऊर्जातीव्रता, म्हणजे उत्पन्नामागे लागणारी ऊर्जा, हा रकाना तुमच्या तक्त्यात स्वतंत्रपणे असायलाच हवा, आणि तो 1990 ते 1995, 1995 ते 2000 अशा टप्प्यांनी पाहायला हवा.

आता खऱ्या सुधारणेविषयी. पोलंडने 1 जानेवारी 1990 रोजी दर मुक्त करण्याचा कठोर कार्यक्रम सुरू केला, दोनच वर्षांत घसरण थांबवली, आणि 2019 पर्यंत त्याचे वास्तव उत्पादन जवळपास तिप्पट झाले. त्याच काळात त्याचे कार्बन उत्सर्जन 1990 च्या पातळीच्या खालीच राहिले. ही गोष्ट निश्चितच मोठी आहे. मात्र ती घडली तेव्हा पोलंडची वीज कोळशाचीच होती, हे विसरू नये. 1990 च्या सुमारास नव्वद टक्क्यांहून अधिक आणि 2010 मध्येही पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक वीज तिथे दगडी कोळसा आणि लिग्नाइट (हलक्या प्रतीचा तपकिरी कोळसा) यांपासून तयार होत होती. बेल्खातुव येथील पाच हजार मेगावॅटहून मोठे लिग्नाइट केंद्र आजही युरोपातील सर्वांत मोठ्या कोळसा केंद्रांत गणले जाते. म्हणजे पहिल्या वीस वर्षांतील सुधारणा वीजकेंद्राच्या आत कमी झाली आणि विजेच्या व उष्णतेच्या वापरात अधिक झाली.

ती कशी झाली हे समजण्यासाठी तिथल्या घरांकडे पाहावे लागते. समाजवादी काळातील सदनिकांना शहराच्या मध्यवर्ती केंद्रातून उष्णता मिळे, आणि बिल घराच्या क्षेत्रफळावर आकारले जाई. रेडिएटरला बहुधा उष्णता कमीजास्त करण्याची सोयच नसे. खोली फार तापली की लोक ऐन हिवाळ्यात खिडकी उघडत. यात लोकांचा दोष नव्हता. उष्णता वाचवून त्यांना एक पैसाही मिळणार नव्हता. पुढे मीटर बसले, नियंत्रक झडपा बसल्या, भिंतींना उष्णतारोधक आवरण चढले, दर खर्चाच्या जवळ आले, आणि त्याच घरांत तीच ऊब कमी कोळशात मिळू लागली. चेक प्रजासत्ताकाने तर क्योटोच्या ‘गरम हवे’तील आपले हक्क जपानसारख्या खरेदीदारांना विकले आणि त्या पैशांतून 2009 पासून घरांच्या आवरणासाठी व स्वच्छ तापनयंत्रणेसाठी अनुदान दिले. पडझडीतून फुकट मिळालेल्या हक्कांचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही.

हे वाचताना आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्याला शेतीपंप आठवेल. उजनीच्या लाभक्षेत्रातील कितीतरी पंपांना मीटरऐवजी हॉर्सपॉवरप्रमाणे आकारणी होत आली आहे. वीज आठवड्यातून काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते, म्हणून शेतकरी ऑटोस्विच लावून ठेवतो; वीज आली की पंप सुरू होतो आणि ऊस भिजला तरी पाणी वाहत राहते. रात्री दोन वाजता साप-विंचवाच्या भीतीने शेतात न जाणाऱ्या माणसाला मी दोष देणार नाही. पण क्षेत्रफळावर बिल भरणारा वॉर्सातील भाडेकरू आणि हॉर्सपॉवरवर बिल भरणारा माळशिरसचा बागायतदार यांच्यासमोरचा हिशेब एकच आहे. 2024 पासून महाराष्ट्रात साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांना मोफत वीज दिली जात आहे. मोफत वीज देण्यामागचे सामाजिक कारण मी मान्य करतो. तरीही वीज मोफत दिली तरी ती मोजली गेलीच पाहिजे, कारण न मोजलेल्या युनिटांत गळती, चोरी आणि खरा वापर यांपैकी काय किती आहे हे कुणालाच सांगता येत नाही. शेतीपंपांच्या वाहिनीला सौर ऊर्जेतून दिवसा वीज देणाऱ्या सौर फीडरच्या योजनांचा मला आधार वाटतो तो एवढ्यासाठीच की त्यांत ऑटोस्विचची गरजच उरत नाही.

वीजनिर्मितीचे इंधन बदलण्याची कहाणी यापेक्षा उशिरा सुरू झाली, आणि तिच्यामागे युरोपीय संघाचा कार्बन बाजार आहे, ज्यात वीजकेंद्रांना उत्सर्जनाच्या प्रत्येक टनासाठी हक्क विकत घ्यावे लागतात. 1 मे 2004 रोजी मध्य आणि पूर्व युरोपातील आठ देश संघात आले आणि 2005 मध्ये हा बाजार सुरू झाला. 2012 ते 2017 या काळात एका टनाचा दर बहुतेक वेळ दहा युरोंच्या खाली होता, आणि त्या दराला कोणतेही कोळसा केंद्र घाबरत नव्हते. दर खरा वाढला तो 2018 नंतर, आणि फेब्रुवारी 2023 मध्ये त्याने 100 युरोंचा टप्पा गाठला. या दोन स्थितींतील फरक पोलंडमध्ये स्पष्ट दिसतो. 2015 मध्ये जिथे सौर वीज नगण्य होती तिथे 2023 च्या अखेरीस सोळा-सतरा गिगावॅट क्षमता उभी होती, आणि 2024 मध्ये कोळशाचा वाटा साठ टक्क्यांच्या खाली आला. तुमची आकडेवारी 2020 ला थांबते, त्यामुळे या बदलाचा फक्त उंबरठा तुमच्या हाती लागला आहे.

दोन लहान देश तुमच्या मॉडेलला विशेष चकवतील, म्हणून त्यांच्याकडे थोडे थांबून पाहा. लिथुआनियातील इग्नालिना अणुकेंद्र संघप्रवेशाच्या अटीनुसार बंद करण्यात आले. पहिली अणुभट्टी 2004 च्या अखेरीस आणि दुसरी 31 डिसेंबर 2009 रोजी. तोपर्यंत देशाची सुमारे 70 टक्के वीज तिथून येत होती. 2010 मध्ये देशाची वीजनिर्मिती आदल्या वर्षाच्या निम्म्याहूनही खाली आली, आणि त्याच वर्षी जागतिक मंदीतून अर्थव्यवस्था सावरू लागली. वाढीला वीजनिर्मितीची गरजच नाही, असे तुमचे रिग्रेशन या नोंदीवरून शिकेल. प्रत्यक्षात लिथुआनिया शेजाऱ्यांकडून वीज विकत घेऊ लागला होता. एस्टोनियात उलट बाजूने तेच घडले. तिथली वीज प्रामुख्याने नार्वाजवळच्या तेलयुक्त शेल दगडापासून तयार होई, आणि हे इंधन कोळशाइतकेच किंवा त्याहूनही मलिन आहे. 2019 मध्ये कार्बनचा दर वाढल्यावर ही केंद्रे बाजारात महाग ठरली, त्यांचे उत्पादन कोसळले आणि आयात वाढली. देशाचे उत्सर्जन खूप कमी दिसले, पण घराघरांतील दिवे पूर्वीइतकेच जळत होते. म्हणून निव्वळ आयातीचा रकाना नसेल तर या दोन्ही देशांना तुमच्या नमुन्यात ठेवू नये.

आता तुमच्या पहिल्या निष्कर्षाविषयी, म्हणजे वीजनिर्मितीमुळे उत्सर्जन वाढते याविषयी. हा निष्कर्ष खोटा नाही. अडचण अशी आहे की तो बराचसा शोधण्याआधीच ठरलेला आहे. कोणत्याही देशाचे कार्बन उत्सर्जन बहुतांश धुराड्याच्या तोंडाशी मोजले जात नाही. किती टन कोळसा, किती टन तेल, किती घनमीटर वायू जळाला याला ठरावीक गुणक लावून ते काढले जाते. म्हणजे उत्सर्जन हा आकडाच ऊर्जेच्या आकड्यातून जन्माला येतो. मग त्याच दोन आकड्यांमध्ये संबंध शोधला तर तो सापडणारच, आणि त्याच्या विश्वासार्हतेचा आकडाही देखणा दिसणार. कितीतरी प्रकाशित निबंधांत मी ही चूक पाहिली आहे आणि दरवेळी वाईट वाटते, कारण त्यामागे एखाद्या विद्यार्थ्याची दोन-तीन वर्षांची मेहनत गेलेली असते. यावरचा उपाय सोपा आहे. वीजनिर्मितीची एकूण युनिटे घेण्याऐवजी प्रत्येक युनिटमागचे उत्सर्जन हा वेगळा रकाना घ्या आणि एकूण बदलाची फोड करा. जपानी अभ्यासक योइची काया यांच्या नावाने ओळखले जाणारे साधे समीकरण इथे पुरेसे आहे: लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, उत्पन्नामागची ऊर्जा आणि ऊर्जेमागचा कार्बन या चार संख्यांचा गुणाकार म्हणजे उत्सर्जन. समजा उत्पन्न दुप्पट झाले आणि उत्पन्नामागची ऊर्जा निम्मी झाली, तर ऊर्जेचा एकूण वापर होता तेवढाच राहील. त्यानंतर उत्सर्जन घटवण्याचे काम एकट्या इंधनबदलाला करावे लागेल. पोलंडची पहिली वीस वर्षे जवळपास अशीच गेली.

या चारांतील पहिली संख्याही या प्रदेशात दुर्लक्ष करण्यासारखी नाही. बल्गेरियाची लोकसंख्या 1989 च्या सुमारास नव्वद लाखांच्या जवळ होती आणि 2021 च्या जनगणनेत ती 65 लाखांच्या आसपास भरली. माणसे जर्मनीला किंवा इंग्लंडला कामासाठी निघून गेली तर त्यांचे उत्सर्जनही त्यांच्याबरोबर गेले. देशाने काही सुधारले असे त्यातून सिद्ध होत नाही. दरडोई आणि एकूण असे दोन्ही आकडे चालवून पाहा. शिवाय 1991, 1998 चे रशियन संकट, 2004, 2009 आणि 2020 या वर्षांत धक्क्यांमुळे आकड्यांत पडलेले खंड नोंदवल्याशिवाय कार्यकारणाच्या चाचण्या लावू नका. ग्रेंजरची चाचणी फक्त एवढेच सांगते की एका मालिकेच्या भूतकाळावरून दुसरीचा अंदाज सुधारतो का. दोन्ही मालिका एकाच धक्क्याने एकत्र कोसळल्या असतील तर ती चाचणी कोणतीही दिशा दाखवू शकते. समाजवादी काळातील उत्पन्नाची गणना सेवाक्षेत्र वगळून होत असे, त्यामुळे 1990 आणि 1991 चे आकडे पुढील आकड्यांच्या शेजारी ठेवताना मी फार जपतो. शक्य असेल तर 1995 पासून सुरुवात करा. नमुना लहान होईल, पण जो उरेल तो बोलेल.

उत्पन्न वाढल्यावर प्रदूषण घटते ही कल्पना 1991 मध्ये ग्रॉसमन आणि क्रुगर यांच्या कामातून पुढे आली. तिला आधार होता तो गंधकवायू आणि धुरासारख्या स्थानिक प्रदूषकांचा. चेक, पोलिश आणि पूर्व जर्मन सीमेवरील लिग्नाइट पट्ट्यात गंधकामुळे जंगलेच्या जंगले मेली होती. लोकांच्या डोळ्यांदेखत झाडे वाळत होती, मुलांना खोकला लागत होता, म्हणून सत्तांतरानंतर त्यांनी आग्रह धरला आणि 1990 च्या दशकाच्या अखेरपर्यंत चेक केंद्रांवर गंधक काढणारी यंत्रे बसली. झाडे पुन्हा उगवली. पण ती यंत्रे कार्बन डायऑक्साइडला हात लावत नाहीत; उलट स्वतः चालण्यासाठी थोडी वीज खातात. कार्बन डोळ्यांना दिसत नाही, त्याचा त्रास केंद्राशेजारच्या गावापुरता राहत नाही, आणि म्हणून तो कमी व्हावा यासाठी गावकरी मोर्चा काढत नाहीत. ज्या कारणाने गंधक घटला ते कारणच कार्बनच्या बाबतीत नाही, मग दोघांची वक्ररेषा एकच कशी असेल?

आता सोलापूर. फताटेवाडी येथील एनटीपीसीच्या कोळशावरील वीजकेंद्रात 660 मेगावॅटचे दोन संच आहेत, म्हणजे एकूण 1320 मेगावॅट. पाणी उजनीतून येते, आणि कोळसा रेल्वेने शेकडो किलोमीटर प्रवास करून येतो, कारण जिल्ह्यात कोळशाचा कणही नाही. हे केंद्र वर्षभर क्षमतेच्या 60 टक्क्यांनी चालले असे धरले तर सुमारे 694 कोटी युनिट होतात, आणि प्रत्येक युनिटमागे 0.9 किलो धरले तर वर्षाला सुमारे 62 लाख टन कार्बन डायऑक्साइड होतो. हा अंदाज गृहीतकांवरचा आहे. प्रत्यक्ष भारांक, म्हणजे क्षमतेच्या किती टक्के केंद्र चालले तो आकडा, दरवर्षी बदलतो. प्रश्न असा की हे 62 लाख टन सोलापूरचे मानायचे का. वीज तर महाराष्ट्रासह शेजारच्या राज्यांनाही जाते. आणि आपल्या यंत्रमागाला मिळणारी वीज फताटेवाडीचीच आहे असेही म्हणता येत नाही. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर ते सोलापूर ही 765 किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिण भारताचे जाळे उरलेल्या देशाशी एका वारंवारितेवर आले. भारताचे एकसंध वीजजाळे आपल्या शहराच्या नावाने पूर्ण झाले याचा मला आजही अभिमान वाटतो. पण त्याचाच अर्थ असा की जिल्ह्याची वीजनिर्मिती आणि जिल्ह्याची वाढ यांचा आता थेट संबंध उरलेला नाही. जिल्हा हे एकक घेऊन निर्मिती आणि उत्पन्न यांचे रिग्रेशन केलेत तर लिथुआनियाची चूक सोलापुरात पुन्हा होईल. जिल्ह्यासाठी निर्मितीऐवजी वापर घ्या, आणि त्याला राष्ट्रीय जाळ्याचा गुणक लावा, जो अलीकडच्या वर्षांत प्रतियुनिट सुमारे 0.7 किलो आहे.

तरीही त्या सूत्राचा वळणबिंदू आपल्याला लागू होणार नाही, आणि त्याचे कारण सुरुवातीची पातळी. 1990 मध्ये पोलंड किंवा चेक प्रजासत्ताक दरडोई ऊर्जावापरात श्रीमंत देशांच्या बरोबरीचे होते. त्यांच्याकडे उत्पन्न कमी होते, उधळपट्टी जास्त होती. म्हणून उधळपट्टी थांबवूनच त्यांना वाढता आले. भारताचे दरडोई उत्सर्जन वर्षाला दोन टनांच्या आसपास आहे, आणि अक्कलकोट किंवा मंगळवेढ्यातील घरात पहिला फ्रीज आता कुठे येत आहे. भारताने 2005 ते 2020 या काळात उत्पन्नामागची उत्सर्जनतीव्रता 36 टक्क्यांनी कमी केल्याचे नोंदवले आहे आणि 2030 पर्यंत 45 टक्क्यांचे लक्ष्य ठेवले आहे. त्याच काळात एकूण उत्सर्जन मात्र वाढले. या दोन्ही विधानांत विसंगती नाही. तुमच्या प्रबंधात ती शेजारी शेजारी यावीत असे मला वाटते.

विजेपलीकडे सोलापूरचा मोठा प्रश्न उष्णतेचा आहे, आणि तो जवळजवळ कोणत्याच तक्त्यात दिसत नाही. टॉवेल आणि चादर विणायला वीज लागते, पण रंगवायला, धुवायला आणि वाळवायला वाफ लागते. ती वाफ लाकूड, कोळसा, भुसा जाळून होते. साखर कारखाने बगॅसवर (उसाच्या चोथ्यावर) वाफ आणि वीज दोन्ही तयार करतात, जास्तीची वीज जाळ्यात देतात, आणि मोजणीच्या प्रचलित पद्धतीत त्या बगॅसचा कार्बन ऊर्जेच्या खात्यात शून्य धरला जातो. म्हणजे एकाच जिल्ह्यात एका उद्योगाची उष्णता जवळपास कार्बनमुक्त आणि दुसऱ्याची पूर्ण कार्बनयुक्त आहे. युरोपीय संघाचा सीमेवरील कार्बन आकार, म्हणजे आयात मालामागच्या कार्बनवरचा आकार, 1 जानेवारी 2026 पासून प्रत्यक्ष लागू झाला. त्यात पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खते, वीज आणि हायड्रोजन आहेत, कापड अजून नाही. पण निर्यातदाराकडे खरेदीदाराने एका किलो टॉवेलमागचा कार्बन विचारायला सुरुवात केली आहे, आणि उत्तर देताना बहुतेकांकडे बॉयलरच्या इंधनाची धड नोंदवहीही सापडत नाही. पोलंडच्या घरांत मीटर नव्हता. आपल्या प्रोसेस हाउसमध्ये वाफेचा मीटर नाही.

शेवटी कामगारांविषयी, कारण तुमच्या तक्त्यात त्यांचा रकाना नाही. पोलंडच्या दगडी कोळशाच्या खाणींत 1990 च्या सुमारास चार लाखांच्या आसपास माणसे काम करत होती. आज ती संख्या लाखाच्या खाली आहे. वाल्ब्झिख या शहरातील खाणी 1990 च्या दशकात बंद झाल्या तेव्हा बेरोजगार खाणकामगारांनी स्वतःच बेकायदा खड्डे खणून कोळसा काढायला सुरुवात केली आणि त्यांत माणसे गाडली गेली. सोलापूरकराला हे परके वाटू नये. 1877 मध्ये सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून लक्ष्मी-विष्णूपर्यंत एकेक गिरणी बंद पडताना हजारो कुटुंबांचा पगार थांबला, त्यांतले कितीतरी बायकांच्या विड्यांवर आणि यंत्रमागाच्या रोजंदारीवर तगले. त्या काळात शहरातील गिरण्यांच्या धुराड्यांतून निघणारा धूरही थांबला होता. तो तुमच्या मॉडेलमध्ये उत्सर्जनातील घट म्हणून नोंदला जाईल.

म्हणून पुढच्या कामाची सुरुवात तुम्ही नमुना 1995 पासून घेऊन, निव्वळ आयात व युनिटमागचे उत्सर्जन हे रकाने जोडून करावी. सोलापूरसाठी महावितरणकडून ग्राहकवर्गनिहाय वापराचे आकडे घ्या आणि त्याबरोबर अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतील निदान दहा प्रोसेस हाउसेसच्या इंधनखरेदीच्या पावत्या मिळवा. मालक सुरुवातीला टाळाटाळ करतील. त्यांना सांगा की खरेदीदाराला लागणारा कार्बनचा आकडा तुम्ही काढून द्याल. त्यानंतर बहुधा नोंदवही समोर येते. वाफेच्या मोजणीसाठी लागणारे उपकरण माझ्याकडे आहे आणि मार्चअखेरपर्यंत ते मोकळे आहे.